बाबागाडीतली लेन्स

९ जानेवारी

उजव्या खांद्याचा स्नायुबंध फाटला आहे. हाडांच्या डॉक्टरांनी आज तसं पक्कं सांगितलं. हिने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, पण ही काही डॉक्टर नाही. इस्पितळात निवृत्त होईपर्यंत एक्स-रे काढायची, एवढंच. लोकांना भिंतीशी उभं करायचं आणि म्हणायचं, "श्वास घ्या, रोखा, सोडा." हाडं जागची हलत नाहीत, त्यामुळे ते फोटो कोणालाही जमतात.

डॉक्टर म्हणाले, "वजन उचलणं बंद. तुमच्या त्या तोफेचं वजन किती?"

"कॅमेरा, ट्रायपॉड सगळं धरून दहा किलोच्या आसपास."

"मग ती विसरा आता. माझ्या मेहुण्याकडे एक हलकी टेलिफोटो लेन्स आहे. हातात धरूनच काढतो. काय फोटो येतात म्हणून सांगू!"

"कशाचे?"

"बाल्कनीतल्या कबुतरांचे."

मी शर्टाची बटणं लावायला लागलो. ती हिलाच लावावी लागली, ते सोडा.

अडचण अशी आहे. नदीवरच्या पाणमांजरांचं पुस्तक या हिवाळ्यात पूर्ण करायचं आहे. मजकूर लिहून झाला. फोटोही बरेच झाले, पण खरा फोटो अजून बाकी आहे: आई आणि पिल्लं, जमिनीवर, एका चौकटीत. तो नसेल तर पुस्तक नाही, असं संपादिकाबाईंनी स्पष्ट सांगितलंय. फेब्रुवारीअखेर नदीकाठचं पाणकणीस कापतात. एकदा आडोसा गेला की पाणमांजरंही जातात. पुढच्या हिवाळ्यापर्यंत प्रकाशक थांबणार नाहीत. ते दुसऱ्या कोणाला तरी पाठवतील. बहुधा नदीच्या बांधावर रविवारी जमणाऱ्या त्या हलक्या लोकांपैकीच एकाला.

त्यांना हे नाव मीच दिलंय. हलकी लेन्स, हलके बूट, हलकं बोलणं. चहाचा थर्मास तेवढा जड असतो.

१३ जानेवारी

लेकीने हलकी लेन्स पाठवली. आईनेच कळवलं असणार. आज पार्सल आलं. मागोमाग फोन आला.

"बाबा, उचलून पाहिली का?"

"आधी पिशवी वाटली. म्हटलं आत काहीतरी असेल."

"दीड किलोसुद्धा नाही! एका भिंगावर बारीक कडी कोरलेली असतात, त्यामुळे जाड काचा लागत नाहीत."

"काचा नाहीत हे कळतंच आहे."

"बाबा!"

"अगं, छान आहे. तुझ्या मुलीला खेळायला होईल."

तिने "आईला द्या" म्हटलं. दोघी बराच वेळ बोलत होत्या आणि एकदा मोठ्याने हसल्या. माझ्यावरच असणार.

वस्तू कशी आहे ते नोंदवून ठेवतो. लांबीला माझ्या लेन्सच्या निम्मी. तोंड अरुंद, म्हणजे उजेड कमी घेणार. सूर्य समोर आला तर फोटोत रंगीत कडी उमटतात असं माहितीपत्रकातच लिहिलंय. स्वतःची खोड स्वतःच छापणारा माल मी आजवर पाहिला नव्हता. हिने ती एका हातात धरून डोळ्याला लावली आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेला कावळा पाहत राहिली.

"दिसतोय?" मी विचारलं.

"डोळा मिटतो तेव्हा खालची पापणी वर येते," ही म्हणाली.

मी प्रकाशाबद्दल विचारत होतो.

१६ जानेवारी

हलकी लेन्स नापास. चाचणी मी स्वतः घेतली.

लेन्सला स्थिर करतं ते तिचं वजन. हे वर्तमानपत्रात फोटोग्राफर म्हणून लागलो त्या पहिल्याच वर्षी मला कळलं होतं. जड लेन्स वाऱ्याला भीक घालत नाही. म्हणून खांदा शेकायला डॉक्टरांनी सांगितलेली वाळूची पिशवी मी हलक्या लेन्सच्या पोटाला बांधली, ती ट्रायपॉडवर चढवली आणि अंगणातल्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे टिपले. पिशवी झोके घेत होती. सगळे चिमटे दोन-दोन दिसतायत.

ही दारात उभी राहून बघत होती. "हलकी म्हणून घेतली आणि तिला वजन बांधताय?"

"तिची उणीव भरून काढतोय."

"मग मी घेऊ का ती? नाहीतरी तुमच्याबरोबर नदीवर यावंच लागणार. तुम्ही तुमच्या त्या आडोशाच्या लपणात बसल्यावर मी काय करू?"

"घे. माझा जुना कॅमेरा लाव आणि बदकं काढ."

लोकांनी या वयात विणकाम करावं.

१९ जानेवारी

पाणमांजरं दिसली नाहीत. याला साक्षीदार मीच.

वजन उचलायचं नाही, ढकलायला कोणी मना केलेलं नाही. माळ्यावर नातीची जुनी बाबागाडी होती. तिच्यात मोठी लेन्स आडवी ठेवली, पट्टा बांधला, वर दुपटं घातलं. थोडीही हलली नाही. बांधावरून चाललो तेव्हा हलक्या लोकांपैकी एकाने वाकून आत पाहिलं आणि म्हणाला, "काका, कोणावर गेलंय?" बाकीचे हसले. त्यांना हसायला एवढं पुरतं.

बाबागाडीचं पुढचं चाक वाजतं. कुर्र-कीच, कुर्र-कीच. ही म्हणाली, "तेल घालू का?" मी नको म्हटलं. जनावरं अनोळखी आवाजाला घाबरतात. रोजच्या आवाजाची त्यांना सवय होते. चार खेपांत पाणमांजरं त्या कुरकुरीला वाऱ्यासारखी मानायला लागतील. मी मजकुरातच लिहिलंय, तिसऱ्या प्रकरणात.

लपण वरच्या बाजूला, बंधाऱ्याजवळ. समोर चिखलाचा उतार, सकाळी उजेड पाठीमागून. नदीवर याहून चांगली जागा नाही. हिला खाली वळणाकडे पाठवलं. तिथे झाडांची मुळं पाण्यात उतरली आहेत, दलदल आहे, ट्रायपॉड उभा राहत नाही. फोटोच्या दृष्टीने ती जागा निरुपयोगी आहे.

मी लपणाशी पोचलो तेव्हा उतारावर ताजे ओले ठसे होते. म्हणजे नुकतीच तिथे होती. पुढे दुपारपर्यंत काही नाही. एक राखी बगळा तेवढा आला.

ही परतली तेव्हा काहीतरी सांगायला लागली. माझा खांदा ठणकत होता. म्हटलं, "बदकं मिळाली ना?"

"बदकंही होती," ही म्हणाली.

२६ जानेवारी

आजही नाही. पाणमांजरं यंदा लहरी झाली आहेत.

लपणाच्या थोडं अलीकडेच होतो, तेवढ्यात पाण्यात डुबुक झालं. मग आणखी दोनदा, बारीक. आई आणि दोन पिल्लं! बुडबुड्यांची रांग खाली वळणाच्या दिशेने गेली. मी बाबागाडी तिथेच सोडली, मग पुन्हा घेतली, कारण लेन्स तिच्यातच होती. ती का पळाली ते उघड आहे. बांधावर हलके लोक गप्पा मारत होते, कोणाच्या लेन्सची थरथर किती आवरते वगैरे. लपणापासून ते बरेच लांब होते, पण मूर्खपणा लांब जातो.

ही आली ती हनुवटीपर्यंत चिखलाने माखून. कोपरं, गुडघे, पोट, सगळं.

"पडलीस की काय?"

"नाही हो, झोपले होते."

"दलदलीत?"

"मुळांच्या मध्ये बरोबर माणूस मावेल एवढी जागा आहे. कोपरं टेकता येतात. श्वास सोडला, निम्म्यावर रोखला, की हात दगडासारखा होतो. बायकांना छातीच्या एक्स-रेला मी उगाच सांगायची का?"

मला हसू आवरेना. पाणमांजरांचा एक्स-रे! म्हटलं, "त्यांना सांगायचं, दागिने काढून या."

"त्यांना सांगावं लागत नाही. शहाणी आहेत," ही म्हणाली आणि न्हाणीघरात गेली. कपडे भिजत टाकले. लेन्स आधी पुसली.

३ फेब्रुवारी

संपादिकाबाईंचा फोन आला. जे काय झालंय ते लगेच पाठवा, छापखान्याने तारीख दिली आहे. त्यांचा आवाज गोड होता. वर्तमानपत्रात असा गोड आवाज लागला की माणूस टेबल आवरायला घ्यायचा.

माझ्याकडे पाठवण्यासारखं काय आहे ते मला नक्की ठाऊक नाही. मी माझे फोटो बघत नाही, हा जुना नियम. फोटोग्राफरने टिपावं, डेस्कने निवडावं, छापून आलं की पाहावं. स्वतः निवडायला बसलं की माणूस आपल्या कष्टांच्या प्रेमात पडतो. आजकालचे लोक बटण दाबलं की लगेच मागे पाहतात, कोंबडीने अंडं घातल्यासारखं.

या पंधरा दिवसांत मी धुक्यात हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर बटण दाबलं आहे. त्यात काहीतरी असणारच. इतक्या वर्षांचं बोट आहे, डोळ्याच्या आधी त्याला कळतं.

हात झोळीत असल्यामुळे कॉम्प्युटरवर हीच बसली.

"दोन्ही कार्डं टाकू?" हिने विचारलं.

"टाक. बदकं पाहून बाईंची करमणूक होईल."

"कोणतं कोणाचं ते लिहू?"

"लेन्सची नोंद फोटोतच असते. त्यांना कळतं. आणि न कळायला काय, खेळणं आणि लेन्स यातला फरक आंधळ्यालाही कळेल."

'पाठवले' असं पडद्यावर आलं तशी हिने दोन्ही कार्डं काढून आपापल्या डब्यांत ठेवली.

९ फेब्रुवारी

कुटुंबाचा फोटो मिळाला! मुखपृष्ठावर तोच जाणार. संपादिकाबाईंनी सकाळी फोन करून सांगितलं. मग पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"कोणता हो?" मी विचारलं.

"आता लाजू नका. आई पिल्लाचं मानगूट धरून वर चढतेय तो. दुसरं तिच्या शेपटीवर चढलंय. आणि ती सरळ आपल्याकडे पाहते. डोळ्याला डोळा. मी ऑफिसात सगळ्यांना बोलावून दाखवला. तुमचं आजवरचं काम चांगलं होतं, पण हे वेगळं आहे. कसं सांगू, यात घाई नाही."

घाई नाही! हीच तर जड लेन्सची शिकवण. मी तसं त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "हो ना?" मग कोणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

तो क्षण मला आठवत नाही हे खरं. सव्वीस तारखेचा असेल. डुबुक झालं त्याच्या जरा आधी किंवा नंतर. लपणात वाट पाहताना माणसाला डुलकी लागते आणि बोट जागं राहतं. कदाचित असंच झालं असेल.

स्वयंपाकघरात जाऊन हिला सांगितलं. ही बटाटे सोलत होती, ती थांबली.

"कोणता फोटो?"

बाईंनी सांगितलं तसं सांगितलं. मानगूट, शेपटी, डोळा.

"त्या काय म्हणाल्या? पुन्हा सांगा."

"म्हणाल्या, यात घाई नाही."

हिने हात पुसले. खिडकीपाशी गेली. परत आली. "आणि मुखपृष्ठावर?"

"मुखपृष्ठावर!"

"बरं," एवढंच म्हणून ही पुन्हा सोलायला बसली. बटाट्यापेक्षा साल जाड निघत होती. कोणाचं कौतुक करण्यात ही पहिल्यापासून कंजूष.

संध्याकाळी बांधावर मुद्दाम चक्कर मारली आणि हलक्या लोकांना बातमी दिली. थर्मासवाला म्हणाला, "कोणत्या लेन्सने?" मी म्हटलं, "पोरा, जिला धरायला माणूस लागतो तिने."

१५ फेब्रुवारी

मुखपृष्ठाचा नमुना आला. खाली माझं नाव आहे. फोटो माझा नाही.

याला कोणाची पुष्टी लागत नाही. फोटो जमिनीवरून वीतभर उंचीचा आहे. माझा ट्रायपॉड लपणात कमरेइतका असतो. मागे झाडाची मुळं पाण्यात उतरली आहेत. लपणातून ती मुळं दिसत नाहीत. आणि वरच्या कोपऱ्यात, पाण्यावर सूर्य चमकतोय तिथे, बारीक रंगीत कडं उमटलंय. संपादिकाबाईंना ते दवासारखं वाटलं. त्यांनी ते राखलंय.

पाणमांजर माझ्याकडे पाहत होतं. चुकीच्या माणसाकडे पाहतंय हे त्याला कळत नव्हतं, बरंच झालं.

सोबत बाईंची चिठ्ठी: "जुने फोटो नव्यांपुढे टिकेनात म्हणून वगळले. निवडलेले पाणमांजरांचे सगळे फोटो हलक्या लेन्सचे आहेत, हे नोंदी पाहून कळलं. या वयात तुम्ही पद्धत बदललीत, कौतुक वाटतं. शेवटी अर्धं पान द्या: जड लेन्स सोडून हलकी का घेतली. जड लेन्सचा एक बगळा घेतला आहे, शेवटच्या पानावर, पृष्ठसंख्येच्या बाजूला."

नमुना घेऊन हिच्यासमोर ठेवला. हिने चष्मा लावला. फोटोकडे फार वेळ पाहिलं नाही, तो तिला पाठ असावा. खालच्या नावाकडे पाहिलं.

"तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का? रोज घरी आल्यावर मी सांगायला जायची. तुम्ही म्हणायचा, बदकं."

"नऊ तारखेला तरी सांगायचं!"

"नऊ तारखेला मी वाट पाहत होते. म्हटलं, फोटो डोळ्यासमोर आला की ओळखतील. तुम्ही फोटो बघतच नाही, हे माझ्या लक्षात राहिलं नाही."

मी म्हटलं, आता काय, घर एकच आहे. नाव कोणाचं का असेना. लोक मला ओळखतात, दुकानदार मला ओळखतात, पुस्तक माझ्या नावावर जाईल. आत 'साहाय्य' म्हणून तिचं घालू, ठळक अक्षरात.

"नको," ही म्हणाली.

"मग दोघांचं घालू. शेजारी शेजारी."

"यातले तुमचे कोणते?"

"बगळा."

"मग बगळ्याखाली तुमचं घाला."

"अगं, मजकूर माझा आहे!"

"आहे ना. मजकूर तुमचा आणि नाव तुमचं. मी त्यातला शब्द मागत नाही. फोटो माझे आहेत. मुखपृष्ठावर 'छायाचित्रे' लिहायचं आणि त्यापुढे माझं नाव. एकटीचं." आवाज चढला नव्हता. इस्पितळात दार बंद करताना जसा लागायचा तसाच. "आयुष्यभर मी काढलेल्या फोटोवर पेशंटचं नाव आणि डॉक्टरांची सही. ते बरोबरच होतं, हाडं त्यांची होती. हे फोटो तसे नाहीत."

मला राग आला. म्हटलं, तुला माझी मेहनत दिसत नाही, खांदा फाटलेला असताना मी ती बाबागाडी ढकलत होतो, रोज.

"दिसायची नाही, पण ऐकू यायची. चाक वाजलं की मी कोपरं टेकायची."

"एवढ्या लांब तुला ऐकू यायचं?"

"मला एकटीलाच नाही," ही म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. बांधावरच्या लोकांबद्दल म्हणत असावी.

१६ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. वाटलं, ती तरी मध्यम मार्ग सुचवेल.

"बाबा, तुम्हीच ना म्हणायचा, फोटो काढायला माणूस लागतो, लेन्स नव्हे?"

"मी उलट म्हणायचो. चांगली लेन्स लागते म्हणायचो."

"मग तर प्रश्नच मिटला. लेन्स खेळणं होती ना? मग फोटो कोणी काढला?"

ही पोरगी वकील झाली असती तर लोकांनी आपणहून गुन्हे कबूल केले असते.

दुपारी अर्ध्या पानाला बसलो. 'हलकी लेन्स का घेतली.' तीनदा सुरुवात केली. वजनावर लिहिलं, भिंगावरच्या कड्यांवर लिहिलं, कमी उजेडात ती कशी उणी पडते ते लिहिलं. हे सगळं माहितीपत्रकातही आहे. मुळांमध्ये झोपल्यावर गारठा कुठून चढतो, पाणमांजर आधी कोणत्या बाजूने डोकं काढतं, त्याने आपल्याकडे पाहिल्यावर डोळा काढून घ्यायचा की नाही, यातलं मला काही माहीत नाही. हिला विचारायला उठलो, आणि पुन्हा बसलो. कागद कोराच आहे. माझी मुदत चुकण्याची ही पहिलीच वेळ.

आजही म्हणतो, लेन्स टुकार आहे. उजेडाला कमी, रंगाला फिकी, हाताला पोरकट. तिच्यातून असा फोटो निघणं अवघड आहे. फारच अवघड आहे. हे लिहिताना कळतंय की मी कोणाची तरी तारीफ करतोय, म्हणून थांबतो.

१८ फेब्रुवारी

संपादिकाबाई उद्या सकाळी येणार आहेत. संध्याकाळी त्यांनीच फोन करून तसं कळवलं. मुखपृष्ठ दुपारी छपाईला जायचं आहे, त्याआधी त्यावर माझी सही हवी. त्यांना पाणमांजरांची जागाही पाहायची आहे. मी लपण म्हणालो. त्या म्हणाल्या, "नाही, फोटोतली. ती मुळं."

ती जागा मला नीट सापडणार नाही. दलदलीत मी कधी उतरलोच नाही.

रात्री जेवताना हिला विचारलं, "तू येशील ना सोबत?"

"येईन की. पण जागा दाखवताना मी कोण म्हणून दाखवू?"

मी म्हटलं, बाईंना आधी चहा होऊ दे, मग बघू.

"चहाच्या आधी," ही म्हणाली. "तुमच्या तोंडून आलं तर बरं दिसेल. नाही आलं तर मी सांगेन. मला एकच वाक्य लागेल."

ते खरं आहे. माणसाला भिंतीशी उभं करून एका वाक्यात काम संपवायची तिला सवय आहे.

मला मात्र वाक्य सुचत नाही. जेवण झाल्यापासून कितीतरी जुळवली. सगळी लांब होतात, आणि सगळ्यांत मी शेवटी येतो तो मोठेपणा घेऊनच. नमुना टेबलावर आहे. बाजूला पेन ठेवलंय. माझ्या नावावर एक रेघ मारायची आणि तिचं लिहायचं, काम एवढंच आहे. डाव्या हाताने अक्षर वाकडं येईल.

बाई नऊ वाजता येतील. दार ही उघडेल.